रसिकांचे प्रश्न : जागा, घड्याळ आणि कला

मुंबईतील काळा घोडा कला महोत्सव आटोपला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी घराणी, बंदिशी आणि जुन्या नाटकांचे नटसंच यांविषयी विचारणारे वाचक मग रांगा, ध्वनिक्षेपक, डास आणि मध्येच उठून जाणारे शेजारी यांविषयी लिहू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांतून सात पत्रे निवडली आहेत. गावे वेगवेगळी असली, तरी बहुतेकांच्या मुळाशी तक्रार एकच आहे, ती म्हणजे सभागृहात रंगणारी गोष्ट महोत्सवात फिकी का पडते. माझ्या अनुभवात दोष बहुधा कलाकाराकडे नसतो. कोणती कला कोणत्या जागी आणि किती वाजता ठेवली, यावर निम्मा कार्यक्रम पडदा उघडण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो.

प्रश्न : आम्ही दोघे गेली काही वर्षे काळा घोडा महोत्सवाला जातो. रॅम्पार्ट रोवरच्या गर्दीत दोन तास जातात, घोड्याच्या पुतळ्यासमोर फोटो होतो, काहीतरी खाणे होते आणि परतीची गाडी पकडायची वेळ होते. नाटक, गाणे किंवा कथाकथन यांपैकी एकही गोष्ट धड पाहून होत नाही. आखणी कशी करावी? आणि ज्याच्या नावाने हा महोत्सव भरतो, तो मूळ घोडा कुठे गेला? (एक वाचक दांपत्य, ठाणे)

उत्तर : आधी घोड्याचे सांगतो. इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढे सातवे एडवर्ड झालेले राजे, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्या भेटीच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी मुंबईला त्यांचा अश्वारूढ पुतळा भेट दिला आणि १८७९ मध्ये तो या चौकात उभा राहिला. पुतळा ब्राँझचा होता. मुंबईकरांनी वर बसलेल्या युवराजाकडे सरळ दुर्लक्ष केले आणि घोड्याच्या रंगावरून चौकाला नाव देऊन टाकले. १९६५ मध्ये पुतळा हलवण्यात आला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. आपण ज्याच्यासमोर फोटो काढता, तो घोडा २०१७ साली बसवलेला आहे आणि त्याच्यावर स्वार नाही. लोकांनी केलेल्या बारशाला मिळालेली ही उशिराची मान्यता म्हणायला हरकत नाही.

आता आखणी. हा महोत्सव १९९९ पासून काळा घोडा असोसिएशन भरवते, तो जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस नऊ दिवस चालतो आणि कार्यक्रमांना तिकीट नसते. आपली गल्लत अशी होते, की रॅम्पार्ट रो, म्हणजे आजचा के. दुभाष मार्ग, हाच महोत्सव आहे असे आपण धरून चालता. ते या घराचे अंगण आहे. तेथे मांडणशिल्पे, दुकाने आणि पथनाट्ये असतात. घराच्या खोल्या आसपास पसरलेल्या आहेत. साहित्याचे कार्यक्रम डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत होतात, संगीत आणि नृत्य अलीकडे क्रॉस मैदानावर असते आणि नाटके, चित्रपट, चर्चा परिसरातील सभागृहांत विखुरलेल्या असतात. शनिवार-रविवारी अंगणातच पाऊल ठेवायला जागा नसते, मग खोलीपर्यंत कोण पोहोचणार?

म्हणून सोमवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस निवडावा, एका संध्याकाळी एकच जागा ठरवावी आणि पाऊण तास आधी जाऊन बसावे. प्रवेश विनामूल्य असला, की जागा आधी येणाऱ्याची असते, हे सांगायला नकोच. चर्चगेटला उतरून थेट क्रॉस मैदान गाठले, तर रॅम्पार्ट रो वाटेत लागतच नाही. मी स्वतः कार्यक्रमपत्रिका हाती आली, की कलाकाराच्या नावाआधी जागेचे नाव पाहतो. ग्रंथालयाच्या बागेतला अनोळखी कथाकार मी निवडतो आणि मैदानावरचा नामवंत गायक पुष्कळदा सोडून देतो. यात थोडा हेकटपणा आहे, हे मान्य आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांनी सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र जागून गाणे ऐकले होते. आता तेथे काय किंवा मुंबईच्या महोत्सवात काय, दहाच्या ठोक्याला सारे आवरते. मालकंस, दरबारी हे राग घाईघाईने ऐकायचे आणि ललत, भटियार हे पहाटेचे राग तर विसरूनच जायचे, असे झाले आहे. हा नियम नेमका काय आहे? आणि एखाद्या गायकाने रात्री नऊ वाजताच ललत गायला, तर काय बिघडेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र सरकारचे नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्या जागी ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या नियमांवर आणि या सवलतीवरही शिक्कामोर्तब केले. ते पंधरा दिवस साऱ्या राज्याच्या सणावारांत वाटले जातात, त्यामुळे संगीताच्या वाट्याला येते ती एखादी रात्र. सवाई गंधर्व महोत्सवात बहुतेक दिवशी दुपारी सुरू होणारे गाणे दहाला थांबते आणि एखाद्या दिवशीच ते बारापर्यंत जाते, त्याचे कारण हेच.

आपल्या वडिलांनी जे ऐकले, त्याची घडणच निराळी होती. गायक सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात हा महोत्सव सुरू झाला. त्यात पुढे पंडित भीमसेन जोशी अखेरच्या सत्राला पहाटे बसत आणि समारोपाला सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची ध्वनिमुद्रिका ऐकवली जाई. रात्रभराच्या बैठकीत रागांचा क्रम आपोआप लागत असे : संध्याकाळी मारवा, पूरिया धनाश्री, मग यमन, भूप, मग बागेश्री, दरबारी, मालकंस, उत्तररात्री सोहनी आणि उजाडता उजाडता ललत, भटियार. श्रोत्याच्या अंगातला शीणही त्या क्रमाचा भाग होता. डोळे जड झालेले असताना ऐकलेला ललत आणि दुपारी चहा पिऊन ऐकलेला ललत हे एकाच कानाने ऐकलेले दोन वेगळे राग असतात, असे मला वाटते.

आता काय होते ते रंगमंचाच्या बाजूला बसून पाहावे. पावणेदहा वाजले, की आयोजकांपैकी एक जण विंगेत येऊन उभा राहतो. तो काही बोलत नाही, नुसता उभा असतो. तबलजी त्याच्याकडे पाहतो, गायक तबलजीकडे पाहतो आणि संथ लयीतल्या विलंबित ख्यालाचा जो पसारा आणखी वीस मिनिटे चालायचा, तो दोन ताना घेऊन मिटवला जातो. द्रुत बंदीश येते, ती मध्यातूनच सुरू झाल्यासारखी वाटते. भैरवीची फर्माईश येते, तेव्हा घड्याळात सात मिनिटे उरलेली असतात. श्रोते टाळ्या वाजवतात आणि ध्वनिव्यवस्थेचा माणूस त्या टाळ्या संपायच्या आत बटणे खाली ओढतो. यात कोणाचाच अपराध नाही. जवळच्या इमारतीत आजारी माणूस झोपलेला असेल, तर त्याचा हक्क माझ्या मालकंसापेक्षा मोठा आहे.

मात्र नियमात एक दार उघडे आहे आणि त्यातून फारसे कोणी जात नाही. बंदिस्त सभागृहाला ही रात्रीची मनाई नाही. तीनशे माणसांच्या सभागृहात रात्री दहा ते पहाटे सहा अशी बैठक या नियमांनुसार करता येते. अडते ते भाडे, रात्रपाळीचे कर्मचारी आणि घरी जायच्या गाडीपाशी. काळा घोडा महोत्सवाच्या नऊ दिवसांतली एक रात्र तरी अशी ठेवावी, असे मी आयोजकांना सुचवीन. पहिली लोकल सुटेपर्यंत श्रोत्यांना जायचे कुठे, हा प्रश्न त्यात परस्पर सुटतो.

राहिला रात्री नऊच्या ललताचा प्रश्न. मी या बाबतीत सनातनी नाही. कर्नाटक संगीतात वेळेचे बंधन इतके काटेकोर पाळत नाहीत आणि तरी त्या रागांचे काही नुकसान झालेले दिसत नाही. ललतातली शुद्ध आणि तीव्र अशा दोन मध्यमांची लगट रात्री नऊ वाजताही तेवढीच अचूक असते. दहा वर्षांत एकदाही तो राग समोर बसून ऐकायला न मिळण्यापेक्षा तो चुकीच्या वेळी ऐकलेला बरा. बहुतेक गायकांना हे पटत नाही आणि गाणारे ते आहेत, मी नाही.

प्रश्न : महोत्सवात पाहिलेल्या एका सतारवादनात कलाकार आणि तबलजी दर दहा मिनिटांनी वाद्ये जुळवत होते. घरून जुळवून का आणत नाहीत? माझ्या मुलाने हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुलाला शाबासकी द्यावी, कारण हा प्रश्न मोठ्यांच्याही मनात असतो आणि ते विचारत नाहीत. १९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ वाद्ये जुळवत होते, तेव्हा श्रोत्यांनी त्यालाच टाळ्या दिल्या. जुळवणेच एवढे आवडले असेल, तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचे रविशंकर हसत बोलले होते.

कारण साधे आहे. तार धातूची असते; ती गरम झाली, की सैल पडते आणि स्वर उतरतो. तबल्याचे तोंड कातड्याचे असते. ते गरम होऊन सुकले, की ताणते आणि स्वर चढतो. उघड्या रंगमंचावर वरून दिव्यांची धग येत असते आणि बाजूने फेब्रुवारीच्या संध्याकाळची समुद्राकडची दमट हवा. दिवे पेटले, की तार उतरते आणि तबला चढतो. दिवे मंद झाले आणि वारा सुटला, की तार आवळते आणि तबला बसतो. दोघे एकमेकांपासून उलट दिशांना पळत असतात. त्यांच्या शेजारी पेटी असली, तर ती मात्र जागची हलत नाही, म्हणून ही पळापळ तिच्या सुरांपाशी लगेच उघडी पडते. घरून किंवा ग्रीन रूममधून जुळवून आणलेले वाद्य रंगमंचावर पाच मिनिटांत परके होते, ते असे.

मुलाला पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बसवून तबलजीचे हात दाखवा. फरक मोठा असला, तर तो तबल्याच्या कातडी पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे हातोडीने खाली-वर करतो. थोडासाच असला, तर काठावरच्या विणलेल्या गजऱ्यावर वरून किंवा खालून हलके ठोके देतो. तबल्याला सोळा घरे असतात आणि सगळी एका स्वरात आली पाहिजेत, म्हणून हातोडी गोल फिरत राहते आणि दुसऱ्या हाताचे बोट चाटेवर, म्हणजे तोंडाच्या कडेवर, टिचकी मारून पाहत असते. तानपुऱ्यावर बारीक दुरुस्ती तारेत ओवलेल्या मण्याने होते आणि जवारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सरकवलेला दोरा केसभर हलवला, की आवाज एकदम उमलतो. बंद सभागृहात हे सारे एकदा झाले, की बराच काळ टिकते. उघड्यावर ते टिकत नाही, म्हणून तर मी सतार किंवा सरोद ऐकायचे असेल, तर सभागृह शोधतो.

प्रश्न : दादरला सभागृहात पाहिलेले एक चार पात्रांचे नाटक मला फार आवडले होते. तेच नाटक तोच संच मोकळ्या बागेत करत असताना पाहिले आणि पंधरा मिनिटांत लक्ष उडाले. नट तेच, संवाद तेच. माझेच काही चुकले का? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपले काही चुकले नाही आणि नटांचेही नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाज सहा डेसिबलनी घटतो आणि त्याला हातभार लावायला भिंती नसतात. सभागृहात आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाचा मोठा भाग भिंतींवरून आणि छतावरून परत आलेला असतो. बागेत तो आकाशात जातो. मग नटांच्या कपाळाला किंवा कॉलरला माइक लावतात आणि येथे खरी गडबड होते. चारही पात्रांचे आवाज दोन बाजूंच्या त्याच ध्वनिक्षेपकांतून येऊ लागतात. डावीकडून आत आलेली सून आणि उजवीकडे बसलेला सासरा एकाच डब्यातून बोलतात, त्यामुळे कोण बोलते आहे हे कळायला ओठांकडे पाहावे लागते. आपण मागच्या रांगेत असाल, तर तेही जमत नाही. मैदान मोठे असेल, तर आणखी एक भर : ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून सत्तर मीटरवर बसलेल्याला ओठ हलल्यानंतर पाचव्या हिश्श्याच्या सेकंदाने शब्द ऐकू येतो. हे जाणवत नाही असे आपल्याला वाटते, पण मेंदू तेवढ्यानेच थकतो.

त्यातून चार पात्रांचे नाटक बहुधा शांततेवर उभे असते. कोणी पेला टेबलावर ठेवतो, कोणी उत्तर देत नाही, दिवा मंद होत जातो. बागेत अंधार करता येत नाही, पलीकडच्या रस्त्यावर बस थांबते आणि त्या न दिलेल्या उत्तराच्या जागी तिचा हॉर्न वाजतो. अशा नाटकाला १९७८ साली सुरू झालेल्या जुहूच्या पृथ्वी थिएटरसारखी, तीन बाजूंनी दोनशेच्या आसपास प्रेक्षक बसतील अशी जागा लागते, जिथे नटाचा श्वासही ऐकू येतो.

याउलट आपल्याकडे उघड्यावरच जन्मलेले प्रकार आहेत आणि त्यांची रचना पाहिली, तर प्रत्येक अडचणीवर तोड सापडते. कोकणातला दशावतार देवळासमोर रात्री होतो. एका बाकड्याचे सिंहासन होते, संवाद पात्रे आयत्या वेळी रचतात, मागच्याला कळले नसेल तर तीच गोष्ट पुन्हा वेगळ्या शब्दांत येते आणि युद्ध म्हटले, की मृदंग आणि झांज बोलतात. तमाशात गण म्हणजे गणेशवंदना, गवळण, बतावणी आणि मग वग म्हणजे मुख्य कथानाट्य असा क्रम असतो. उशिरा आलेल्याचे फक्त गणाचे नुकसान होते, कथेचे नाही. पथनाट्यात माणसांचे रिंगण हीच भिंत असते आणि महत्त्वाचे वाक्य सगळा संच तीनदा एका सुरात म्हणतो. त्या तीनदा म्हणण्याला नाके मुरडणारे समीक्षक मी पाहिले आहेत. त्यांनी रॅम्पार्ट रोवर उभे राहून एकदाच म्हटलेले वाक्य ऐकून दाखवावे. तेव्हा महोत्सवात नाटक निवडताना उघड्यावरचे असेल, तर गाणे, वाद्य आणि माणसांची ये-जा असलेले निवडा आणि शांततेवरचे नाटक आपल्या दादरच्याच सभागृहासाठी राखून ठेवा.

प्रश्न : हल्ली महोत्सवांच्या पत्रिकेत ‘स्टोरीटेलिंग’ असे वेगळे दालन असते. आमच्या पिढीने शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांना समोर बसून ऐकले आहे. मुंबईत मी ऐकलेला कार्यक्रम म्हणजे दोघांनी खुर्चीवर बसून, हातात कागद धरून केलेले वाचन होते. यालाच कथाकथन म्हणायचे का? दास्तानगोई, कीर्तन, चित्रकथी हे सारे एकाच दालनात कसे बसते? आणि त्या तिघांसारखे सांगणारे आज का नाहीत? (एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण ऐकलेत ते अभिवाचन आणि त्याला अभिवाचन म्हटले असते, तर आपली निराशा झाली नसती. अभिवाचन हा प्रामाणिक प्रकार आहे. त्यात लेखकाचा शब्द जसाच्या तसा राहतो, वाचणारा फक्त आवाज देतो आणि कागद हातात असणे ही लेखकाशी केलेल्या इमानाची खूण असते. कथाकथनात कागद नसतो. ओळखायची माझी एक सोपी पद्धत आहे, सांगणाऱ्याचे डोळे कुठे आहेत ते पाहावे. ते कागदावर असतील तर अभिवाचन, समोरच्यावर असतील तर कथाकथन आणि नसलेल्या दुसऱ्या पात्रावर रोखलेले असतील तर एकपात्री.

आपण ज्या तिघांची आठवण काढली, ते तिघेही स्वतःच्याच कथा सांगत, म्हणून त्यांना शब्द बदलायचा अधिकार होता. हशा लांबला तर थांबायचे, पुढच्या रांगेतला म्हातारा मान हलवू लागला तर त्याच्याकडे पाहून एक वाक्य जास्त टाकायचे, ही मुभा छापील कथेला नसते. व्याख्यानमाला, गणेशोत्सव, साहित्य संमेलने अशा जागांवर ती कला तयार झाली आणि तिला एका माइकपलीकडे काही लागत नसे. तिघांपैकी शेवटचे मिरासदार २०२१ मध्ये गेले. त्यांच्यासारखे सांगणारे आज का नाहीत, असे आपण पुढे विचारले आहे. मला वाटते, सांगणारे निघतील. पण एका कथेला पाऊण तास देणारा कार्यक्रम आता पत्रिकेत सापडत नाही, वीस मिनिटांत तिघे जण आटोपायचे असतात.

दास्तानगोईची गोष्ट अशा तुटलेल्या परंपरेचीच आहे. उर्दूतली गोष्ट सांगण्याची ही कला, तिच्यातले शेवटचे मोठे नाव दिल्लीचे मीर बाकर अली. ते १९२८ मध्ये गेले आणि कला थांबली. विद्वान शम्सुर रहमान फारुकी यांच्या मार्गदर्शनाखाली महमूद फारुकी यांनी २००५ मध्ये ती पुन्हा रंगमंचावर आणली. पांढऱ्या अंगरख्यातले दोघे तख्तावर गुडघे मोडून बसतात. नेपथ्य नाही, संगीत नाही. हालचाल कमरेच्या वर, म्हणून सारा भार आवाजावर आणि शब्दावर. हा प्रकार छोट्या बागेत उत्तम जमतो आणि मोठ्या मैदानावर मरतो. उर्दू कळणार नाही म्हणून मराठी रसिक तिकडे फिरकत नाहीत. निम्मे शब्द चुकले, तरी गोष्ट चुकत नाही, हा माझा अनुभव आहे.

कीर्तन या दालनात बसते का? बसते, पण ते दालनापेक्षा मोठे आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते, मग मध्यंतरात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि उत्तररंगात आख्यान लागते. महोत्सवाचे सूत्रसंचालक मध्यंतर म्हणजे विश्रांती समजून पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह घेऊन पुढे सरसावतात, हे मी एकदा पाहिले आहे. बुवा मोठे अनुभवी होते. त्यांनी पुष्पगुच्छ पेटीवर ठेवला, चिपळ्या उचलल्या, श्रोत्यांकडून मोठ्याने विठ्ठलाचा गजर करून घेतला आणि त्या गजरातच सूत्रसंचालकांना रंगमंचावरून खाली उतरावे लागले. श्रोत्यांना आवाज द्यायला लावून विस्कटलेली बैठक पुन्हा बांधायची, हे कीर्तनकारांचे जुने हत्यार आहे आणि आजच्या कथाकारांनी ते उचलण्यासारखे आहे.

चित्रकथीवर मात्र महोत्सवात अन्याय होतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाने ही कला जपली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरत, वाद्यांच्या साथीने कथा गात सांगायची, असा हा प्रकार. चित्र हातात मावेल एवढे असते. ते पाचशे माणसांसमोर उंच रंगमंचावर धरले, तर पहिल्या तीन रांगांनाच दिसते. मग कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि सारे त्या पडद्याकडे पाहत बसतात, सांगणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. त्यापेक्षा झाडाखाली सतरंजी टाकून तीस-चाळीस माणसांसाठी हाच प्रयोग दिवसातून चारदा ठेवावा. अशी मांडणी केलेली दिसली, तर कोल्हापूरहून मुद्दाम यावे, असे मी आपल्याला कळवीन.

प्रश्न : विनामूल्य कार्यक्रमात लोक सर्रास मध्येच उठतात. त्यांना काही सांगावे का? (एक वाचक, वसई)

उत्तर : सांगून उपयोग होत नाही, मी सांगून पाहिले आहे. तिकिटाचे पैसे गेले नाहीत, की उठणे सोपे होते आणि नऊ दिवसांत शेकडो कार्यक्रम असताना माणूस चाळत फिरणारच. उठणे वाईट नाही, वेळ वाईट असते. गाण्यात एक चीज संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी, नाटकात प्रवेश बदलताना उठावे. कथाकथनात मात्र शक्यतो उठूच नये, कारण सांगणारा डोळ्यांनी धरून ठेवलेला एक माणूस गेला, की त्याचे वाक्य तुटते. ज्यांना लवकर जायचे आहे, त्यांनी कडेला बसावे. मोबाइलच्या पडद्याचा उजेड उठून जाण्यापेक्षा जास्त त्रास देतो, असे नट सांगतात. आपण मागच्या रांगेत असाल आणि पुढचा माणूस सगळे चित्रित करत असेल, तर त्याच्या खांद्यावर हळूच हात ठेवावा. भांडू नये, भांडण त्याच्या मोबाइलमध्ये नीट मुद्रित होते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या गटाला पुढच्या वर्षी मुंबईच्या महोत्सवात एकांकिका करायची आहे. काय तयारी ठेवावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विष्णुदास भावे यांनी १८४३ साली जेथे पहिला प्रयोग केला, त्या गावाहून पत्र आले, याचा आनंद आहे. महोत्सवाचे अर्ज काही महिने आधी मागवले जातात, तेव्हा पावसाळा संपायच्या आत संहिता आणि तालमीचे चित्रीकरण हाताशी ठेवा. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ज्याला नाटकवाले अजूनही सेन्सॉर म्हणतात. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करा. संहिता दुसऱ्याची असेल, तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधनाचे आधी ठरवा. जागा कोणती मिळेल हे शेवटी कळते, म्हणून एक तालीम सभागृहात, एक मैदानात आणि एक सांगलीच्या एखाद्या वाहत्या रस्त्याच्या कडेला करा. नेपथ्य एवढेच ठेवा, की ते रात्रीच्या रेल्वेत तुमच्याबरोबर चढेल आणि दहा मिनिटांत उभे राहील. प्रमाणपत्राच्या दोन प्रती दोन वेगळ्या पिशव्यांत असू द्या, कारण दिग्दर्शकाची पिशवी टॅक्सीत हमखास राहते.